साजरं

सोयगाव कुठं आहे हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पुण्यात कुणी गाव विचारलं की मी "सोयगाव" म्हणायचो. समोरचा "सासवडजवळचं का?" म्हणायचा. मग मी शरणागती पत्करून "अजिंठ्याजवळ" असं सांगायचो आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम आदर उमटायचा, जणू पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या पोटचाच मी! वास्तविक आम्ही अजिंठ्याजवळ नसून अजिंठा आमच्याजवळ आहे. जगभरचे लोक जी लेणी पाहायला येतात ती सोयगाव तालुक्यात मोडतात. अजिंठा नावाचं गाव मात्र घाटावर, सिल्लोड तालुक्यात. म्हणजे लेणी आमची आणि नाव शेजाऱ्याचं. मुंजीतला लाडू आम्ही केला आणि कौतुक वाढप्याचं झालं, असा हा प्रकार. १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं तेही अर्थात अजिंठ्याचंच.

सौंदर्याच्या बाबतीत आमच्या भागाचं नशीबच असं. लेण्यांचं जाऊ द्या, ती निदान जागेवर आहेत. मला सांगायचं आहे ते एका शब्दाबद्दल. सौंदर्याला मराठीत एक चांगला घरचा शब्द होता. तो आमच्याकडे अजून नांदत असताना शहाण्या मराठीनं त्याला परस्पर दुसरीकडे कामाला लावलं. शब्द आहे 'साजरा'.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय हरवलं? गणेशोत्सव साजरा होतो, वाढदिवस साजरा होतो. हेच ते! माझ्या नातीच्या परीक्षेत 'दुरून डोंगर साजरे' या म्हणीचा अर्थ विचारला होता. तिनं लिहिलं, "लांबून लोक डोंगरावर येतात आणि सण साजरे करतात." अर्धा गुण मिळाला. तो कोणत्या अर्ध्या भागाला मिळाला हे मला कळलं नाही, पण चूक पोरीची नव्हती. तिनं आयुष्यात 'साजरा' हा शब्द 'करणे' या क्रियापदाशिवाय एकटा हिंडताना कधी पाहिलाच नव्हता. त्या म्हणीत तो सुंदर या अर्थानं बसला आहे, आणि म्हणीत बसला म्हणूनच वाचला आहे. म्हणी हे भाषेतलं माळ्यावरचं सामान. खाली राहतं घर कितीदा रंगवलं तरी माळ्यावरच्या तपेल्याला कुणी हात लावत नाही.

माझ्या आजीचं घर मात्र सगळं माळ्यासारखंच होतं. ती बुलढाण्याकडची. सोयगाव हे गाव मोठ्या विचित्र कोपऱ्यात आहे. जिल्हा मराठवाड्यातला, पण आम्ही घाटाखाली. जिल्ह्याचं बहुतेक पाणी गोदावरीला जातं, आमचं तापीला. बाजारहाट, सोयरीक, दवाखाना यांसाठी पावलं पाचोरा-जळगावकडे वळतात, म्हणजे खानदेशात. पूर्वेला थोडं गेलं की वऱ्हाड. १९४८ पर्यंत गाव निजामाचं आणि शेजारचा खानदेश इंग्रजाचा. त्यामुळे आमची भाषा कुणा एकाची नाही. आजीच्या तोंडी वऱ्हाडी होतं आणि वऱ्हाडीत साजरा म्हणजे साजरा. पोरगी साजरी, वांगं साजरं, पाऊस साजरा. "काय साजरा पाऊस पडून रायला!" असं ती ओट्यावर बसून म्हणायची. एखाद्या माणसाचा स्वभाव चांगला असेल तर तोही साजरा. दिसायला बरा पण वागायला वाईट असा माणूस तिच्या लेखी साजरा नव्हता. तिच्या शब्दात रूप आणि वागणं यांची वाटणी झालेली नव्हती, एकत्र कुटुंब होतं.

मी सहावीत असताना 'आमची गाय' या विषयावर निबंध लिहिला. पहिलंच वाक्य होतं, "आमची गाय लय साजरी आहे." आमचे तेव्हाचे गुरुजी शहरातून बदलून आलेले. त्यांनी तांबड्या शाईनं शेजारी लिहिलं, "कशाबद्दल? गाईचा वाढदिवस होता काय?" आणि वर्गात ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग हसला. हसणाऱ्या प्रत्येकाच्या घरी त्या संध्याकाळी कुणी ना कुणी कशाला तरी साजरं म्हणणारच होतं, पण शाळेत हसायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी घरी आलो आणि नव्यानं दीक्षा घेतलेल्या माणसाच्या कडवेपणानं आजीला सांगितलं, "साजरं म्हणायचं नाही. सुंदर म्हणायचं."

आजीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

या "बरं" वर मी पुढे बरीच वर्षं विचार केला. म्हणजे आधी व्युत्पत्तीच्या अंगानं, आणि मग दुसऱ्याही अंगानं. व्युत्पत्तीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे.

'बरा' हासुद्धा एकेकाळचा मोठा माणूस. संस्कृतातल्या 'वर' शब्दाचं हे मराठी रूप, असं अभ्यासक सांगतात. वर म्हणजे श्रेष्ठ, निवडक. त्याचाच भाऊ 'बरवा'. ज्ञानेश्वरी १२९० सालची. त्या काळच्या मराठीत बरवा म्हणजे सुंदर, उत्तम, मनाला भावणारा. संतांना देवाचं रूप दिसलं की त्यांच्या तोंडून बरवा निघायचा. आणि आज? ताप उतरला की माणूस 'बरा'. चित्रपट कसा होता, "बराय." म्हणजे पैसे परत मागण्याइतका वाईट नव्हता. मुलगी पाहून आल्यावर मुलगा "बरी आहे" म्हणाला की ते स्थळ मोडलं असं घरातली बाई समजून जाते. देवाच्या रूपापासून थर्मामीटरपर्यंत इतकी घसरण मराठीत दुसऱ्या कुणाची झाली नसेल. बरवा तर आता आडनावात उरला, 'बरवे' होऊन. समुद्रकाठच्या कोकणीनं मात्र त्याची अब्रू राखली. तिथं 'बरें' म्हणजे खरोखर चांगलं, आणि आभार मानायचे तर 'देव बरें करूं' म्हणतात. आपण तेच मराठीत म्हटलं, "देव बरं करो", तर समोरचा विचारील, "मला काय झालंय?"

दुसरा असाच घसरलेला गडी फारसीतून आला. फारसीत 'खूब' म्हणजे चांगला, सुरेख. 'खुबसूरत' मधला खूब तोच. निजामाच्या अमलात वाढलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीला उर्दूची सवय असल्यामुळे तो खूब त्यांना त्याच्या मूळ तोऱ्यात माहीत होता. मराठीनं त्याला घरात घेतलं, 'ब' चा 'प' केला आणि मापाच्या कामाला बसवलं. 'खूप' म्हणजे पुष्कळ. खूप पाऊस, खूप डास. तेव्हा "तुम्ही आलात, खूप बरं वाटलं" असं आपण पाहुण्यांना म्हणतो, त्यात खरं पाहिलं तर दोन पडेल सौंदर्यवाचक शब्द एकमेकांच्या आधारानं उभे आहेत. ऐकणाऱ्याला मात्र एवढंच कळतं की आता चहा येणार.

सौंदर्याचे शब्द असे लवकर का झिजतात, याचं कारण मला वाटतं सोपं आहे. ते सगळ्यांना सारखे वापरायचे असतात. भांडं नव्हे, नाणं. 'सूक्ष्म' किंवा 'निर्वात' असे शब्द वर्षाकाठी चारदा बाहेर निघतात, म्हणून कोरे करकरीत राहतात. सुंदर, छान, मस्त यांना सुट्टीच नाही. आता तर लग्नाचे फोटो मोबाइलवर येतात आणि खाली चाळीस जण "सुंदर सुंदर" म्हणून मोकळे होतात. त्यातल्या तिघांनी फोटो उघडलेला नसतो.

इंग्रजांचंही वेगळं नाही, हे वाचल्यावर मला जरा समाधान वाटलं. (दुसऱ्याच्या घरी भांडण आहे हे कळल्यावर वाटतं तसलं.) हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सौंदर्याला 'व्लिते' असा काहीसा शब्द होता. म्हणायला गेलं तर जीभ दोनदा अडखळते, पण 'बेवुल्फ' या त्यांच्या जुन्या काव्यात तो सन्मानानं आला आहे. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, गादीवर बसला आणि दरबारात फ्रेंच सुरू झाली. दरबारी लोकांनी 'ब्यूटी' आणली आणि हळूहळू व्लिते इतका नाहीसा झाला की आज इंग्रजांना तो आपलाच होता हे सांगावं लागतं. शेतात राबणाऱ्या इंग्रजाला आपली बायको व्लितेवाली वाटत असणार. पण त्याच्या मुलानंही एक दिवस घरी येऊन सांगितलं असणार, "तसं म्हणायचं नाही."

आणि ही 'ब्यूटी' तरी कुठली मोठ्या घराण्यातली! तिचा मूळ पुरुष लॅटिनमधला 'बेलुस'. तो 'बोनुस' म्हणजे 'चांगला' या शब्दाचं लाडकं, छोटं रूप. म्हणजे 'बरासा'. रोमन लोकांनी बरासाला चढवत चढवत सौंदर्यापर्यंत नेलं आणि आपण बरव्याला उतरवत उतरवत बरासापर्यंत आणलं. जिना एकच. त्यांच्या इतर शब्दांची कुळकथा तर विचारूच नका. 'प्रिटी' म्हणजे पूर्वी लबाड, धूर्त. 'नाइस' म्हणजे मुळात अडाणी. आणि 'हँडसम' म्हणजे हाताळायला सोपा, सोयीचा. हे कळल्यापासून सोयगावचा प्रत्येक माणूस जन्मतःच हँडसम असतो असं मी पुराव्यानिशी सांगत असतो. घरात हे कुणी मानलेलं नाही.

तर साजरा. हा शब्द 'साजणे' पासून झाला. साजणे म्हणजे शोभणे. "तुला हे साजत नाही" यात ते क्रियापद अजून जिवंत आहे, बहुधा रागावण्यापुरतं. 'साज' हा संस्कृत 'सज्ज' च्या घरातला की फारसीतला, यावर दोन्ही घराणी हक्क सांगतात. मी त्या कोर्टात जाणार नाही. मोल्सवर्थ नावाच्या साहेबानं १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्यात साजरा आहे, आणि त्याला साजेसा अर्थही आहे. मुलाच्या वहीतला शब्द तांबड्या शाईनं खोडायच्या आधी गुरुजींनी एकदा त्या साहेबाला विचारायला हवं होतं. साहेबाला जे कळलं ते आपल्या माणसाला कळू नये, याचं वाईट वाटतं. पण गुरुजींना तरी काय दोष द्यावा? त्यांच्याही आजीला कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असणार.

पुण्या-मुंबईच्या मराठीत 'साजरा करणे' एवढीच नोकरी त्याला उरली. मुळात सण साजरा करणं म्हणजे तो दिवस सुंदर करणं, शोभिवंत करणं. अंगण सारवायचं, दाराला तोरण, पोरांना नवे सदरे. दिवस साजरा झाला. पुढे सुंदरपणा गळाला आणि करणं तेवढं राहिलं. त्यामुळे आता कुठल्याही दिवसाला काही केलं की तो साजरा. 'पुण्यतिथी साजरी' असं वर्तमानपत्रात छापून आलं की भाषेची काळजी वाहणारे लोक पत्र लिहितात, पुण्यतिथी पाळतात, साजरी करत नाहीत. पत्र अगदी रास्त. फक्त आजीला ते पटलं नसतं. आजोबांच्या श्राद्धाला ती सगळं इतकं नीटनेटकं मांडायची, पानं, दर्भ, तिळाची वाटी, की स्वतःच दोन पावलं मागं सरून म्हणायची, "साजरं झालं." तिनं ते पाळलंही होतं आणि साजरंही केलं होतं.

'साजिरा' हा त्याचा जुना, कवितेत राहणारा भाऊ. तो 'गोजिरा'चा हात धरून कसाबसा टिकला. साजिरंगोजिरं बाळ. एकटा बाहेर पडायची त्याची छाती नाही. आणि 'नागर' नावाचा आणखी एक जुना शब्द होता, त्याचा मात्र मला मनातून राग आहे. नागर म्हणजे सुंदर, डौलदार. पण शब्दशः नगरातलं. म्हणजे सौंदर्य शहरात राहतं असा निकाल भाषेनं फार पूर्वीच देऊन टाकला, आणि खेड्याला मिळालं काय, तर 'गावंढळ'. माझ्या निबंधावर सहावीत जे हसू झालं त्याचा पाया इतका जुना आहे. गाय सुंदर असती तर ती नगरातली झाली असती. साजरी होती, म्हणून आमच्या गोठ्यात राहिली.

आता ते दुसरं अंग.

१९७८ साली मी पुण्याहून सुट्टीवर आलो होतो. नवं लग्न झालेलं. बायकोला लेणी दाखवायची म्हणून निघालो आणि सहज आजीला विचारलं, "येतेस का?" सत्तरी ओलांडलेली बाई. सोयगावात पन्नास वर्षं राहिली, पण लेणी तिनं पाहिली नव्हती. फर्दापूर एसटीनं तासाच्या आतलं. पण जवळचं पाहायचं राहूनच जातं. दुरूनच डोंगर पाहिलेला. वेताळवाडीच्या किल्ल्याकडची रांग आमच्या अंगणातून दिसायची आणि तिच्याकडे बघून आजी पावसाचा अंदाज सांगायची, तेवढाच तिचा डोंगराशी संबंध.

लेण्यांच्या पायऱ्यांशी डोलीवाले उभे असतात. चौघे जण खुर्ची खांद्यावर घेऊन वर नेतात. मी डोली ठरवायला लागलो तर आजी म्हणाली, "चौघाइच्या खांद्यावर आताच कायले बसवतं? त्या दिवशी बसाचंच हाये." डोलीवाले हसले. ती काठी टेकत चढली.

म्हण सांगते, डोंगर दुरून साजरे. ज्यानं ती रचली तो वाघूर नदीच्या या वळणाला आला नसणार. हा डोंगर दुरून अगदीच सामान्य आहे. बसच्या खिडकीतून पाहिला तर लक्षातही राहणार नाही. १८१९ सालच्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अंमलदार शिकारीच्या नादात समोरच्या कड्यावर आला, त्यानं कमान पाहिली, आत शिरला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव कोरून मोकळा झाला. सौंदर्य पाहिलं की त्यावर नाव लिहायचं ही रीत काही केवळ आपल्याकडच्या कॉलेजकुमारांनीच काढलेली नाही. त्याच्या आधी तेरा-चौदाशे वर्षं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं सोळावं लेणं कोरवलं, त्यानंही शिलालेख ठेवला. पण त्यानं खर्च तरी केला होता.

पहिल्या लेण्यात आम्ही चपला काढून गेलो. आत अंधार. डोळे सरावायला वेळ लागतो. मग भिंतीतून हळूहळू माणसं बाहेर येतात आणि मधोमध तो, हातात निळं कमळ घेतलेला, मान किंचित कललेली, पापण्या खाली. रखवालदारानं उजेड धरला. बायको काहीच बोलली नाही. ती पुण्याची, त्यामुळे हा मला शुभशकुन वाटला. आजी बराच वेळ बघत उभी होती. पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, देवळात ओढतात तसा. चेहऱ्यावर उजेड होता म्हणून मला तिचे ओठ हललेले दिसले. 'सा' चा आकार झालेला मी पाहिला, अगदी स्पष्ट. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी शिकलेली नातसून उभी होती. आजी थांबली आणि मग सावकाश, नवीन बांगडी हातात चढवताना बाई जपते तसं जपून म्हणाली, "सुंदर आहे."

'हाये' नाही, 'आहे'. सोळा वर्षं झाली होती त्या गाईच्या निबंधाला. तिनं ते लक्षात ठेवलं होतं, मी विसरलो होतो.

मी तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. पण तेवढ्यात मागून एका सहलीची पोरं घुसली, रखवालदार त्यांच्यावर ओरडायला लागला आणि आम्ही बाहेर आलो. मी पाण्याची सुरई आणायला गेलो. परत येताना पाहिलं तर आजी पायरीवर बसली होती आणि तिच्या शेजारी, पाय दुखतात म्हणून वर न आलेली कुठल्याशा खेड्यातली म्हातारी. तिची पोरंबाळं आत गेलेली. ती विचारत होती, आत काय हाय वो?

मी खांबाआड थांबलो.

आजीनं दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मोठं, गोल असं दाखवलं आणि म्हणाली, "लय साजरं हाये वो माय. ऊठ, मी धरतो तुह्या हाताले."

आणि ती स्वतःच पुन्हा चढायला लागली.